बूथ चारचा लाल टॅग

लोखंड पंधराशे अंशांच्या पुढे वितळतं.

कॉलेजच्या तक्रार कक्षात पेन दोरीने टेबलाला बांधलेलं आहे. दोरी इतकी आखूड की सही करायला वाकावं लागतं.

बावीस वर्षं मी लोकांची मापं घेतली. टेप अंगाला लागते, बोटं लागत नाहीत. आणि आधी विचारायचं असतं: घेऊ का?

"आई, तुझ्या केसांना इस्त्रीने कापड जाळल्यासारखा वास येतो," लेक म्हणाली. "शाम्पू बदल, नाहीतर कॉलेज बदल."

वर्गात आठ जण आणि झाडू एक. तो कोणाच्या हाती जायचा हे कोणी ठरवलं नव्हतं, तरी ठरलेलं होतं.

नऊ सेकंद.

*

शिवणाचं दुकान बंद झालं तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. बोटींच्या दुरुस्तीच्या यार्डात वेल्डर हवे होते. प्रमाणपत्र असेल तर लगेच घेत होते, वय विचारत नव्हते. म्हणून मी कम्युनिटी कॉलेजात वेल्डिंगच्या सहा महिन्यांच्या वर्गाला नाव घातलं. सहा पुरुष आणि आम्ही दोघी. दुसरी वीस वर्षांची, तिला सगळे धाकटी म्हणत. मला मावशी. पुरुषांपैकी एकाला लांब्या म्हणत, कारण त्याचं डोकं बूथच्या पडद्याच्या वर दिसायचं.

सर हुशार होते. हे सांगायलाच हवं. त्यांच्या हातात रॉड असला की ठिणग्यासुद्धा शिस्तीत उडायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला यंत्राला हातही लावू दिला नाही. एक लाल कार्ड दाखवलं.

"हा टॅग. दोष दिसला की लावायचा. वायर सोललेली असो, पाइप गळत असो, काहीही असो. माझी परवानगी मागत बसू नका. टॅग लावला की त्या बूथचं बटण कुलपात. आणि ज्याने लावला त्यानेच काढायचा. प्रिन्सिपल आले तरी त्यांच्या बापाला काढता येणार नाही."

वर्ग हसला. मीही हसले आणि वहीत लिहून घेतलं.

कार्डाचा खालचा अर्धा भाग फाडून सुरक्षा विभागाच्या पेटीत टाकायचा. प्रत्येक टॅगवर छापील क्रमांक. वर रकाने: यंत्र. दोष. जागा. केव्हापासून. धोका कोणाला. नाव. शिवणाच्या वहीत मी गिऱ्हाइकांची मापं लिहायचे तसेच ते रकाने होते. मला आवडले.

*

डोक्यावरचं वेल्डिंग सगळ्यात अवघड. तुकडा वर, आपण खाली, वितळलेलं लोखंड तोंडावर यायला टपलेलं. परीक्षेत तेच येतं आणि त्याचा सराव फक्त बूथ चारमध्ये होतो, कारण तुकडा वर धरणारा स्टँड तिथेच आहे.

पुरुषांना तिथे रोज पाळी. आम्हा दोघींना झाडू, पुरुषांच्या तुकड्यांच्या कडा घासणं आणि हत्यारांची नोंदवही.

"सर, माझी पाळी?"

"मावशी, घरी कधी वर बघून काम केलंय का?"

"पडदे शिवून टांगायचे ना सर. बावीस वर्षं."

वर्ग हसला. सर हसले नाहीत.

मग पाळी मिळाली. मंगळवार आणि शुक्रवार, आणि सर स्वतः मागे उभे राहून शिकवणार.

मास्क खाली घेतला की वेल्डरला बाकी काही दिसत नाही. काळोख आणि त्यात वाटाण्याएवढा एक उजेड. दोन्ही हात गुंतलेले. मध्येच थांबलं तर टाका तुटतो, आणि तुटलेला टाका म्हणजे तुकडा नापास. हे मला माहीत होतं. सरांना माझ्याहून जास्त माहीत होतं.

पहिल्यांदा वाटलं, चुकून लागला असेल. दुसऱ्यांदा वाटलं, दोनदा चुकून लागला असेल. तिसऱ्यांदा मी मोजलं. कमरेवर, डावीकडे, पट्ट्याच्या दोन बोटं खाली. नऊ सेकंद. टाका पूर्ण केला, मास्क वर केला आणि म्हणाले, "सर, हात काढा."

"अहो, तोल जात होता तुमचा. एवढ्या वयाच्या तुम्ही, असलं मनात येतं तरी कसं?"

त्या दिवसापासून माझे सगळे तुकडे नापास. न बघता. एकदा मी लांब्याने केलेला तुकडा माझा म्हणून ठेवला, तोही नापास. लांब्याला फार लागलं.

"परीक्षेला बसायचं तर माझी सही लागते," सर म्हणाले. "लक्षात आहे ना?"

परीक्षेला बारा दिवस होते.

*

तक्रार कक्ष, पहिली खेप.

"साक्षीदार?"

"बूथला पडदा असतो बाई."

"मग कसं करायचं?"

"तेच विचारायला आलेय."

दुसरी खेप. तक्रारबाईंनी फॉर्म दिला. मी वाकून भरला. त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं: विभागप्रमुखांची शिफारस.

"विभागप्रमुख रजेवर आहेत. त्यांचा चार्ज सरांकडे आहे."

"मग सरांची सही आणा."

"ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांची?"

बाईंनी फॉर्म उलटा करून पाहिला. मागे दुसरा काही मार्ग छापला असेल अशा आशेने पाहिला, असं मला वाटलं. बाई वाईट नव्हत्या. फॉर्म वाईट होता.

तिसरी खेप. "हे बघा," त्या म्हणाल्या, "आधी विभागातला दोष विभागाच्या पद्धतीने कळवा. मग काय ते बघू."

बाकीचं कॉलेज हे वाक्य ऐकून समजून चुकलं असतं की आता गप्प घरी जा. आम्ही वेल्डिंगवाले. आमच्या विभागाची पद्धत मला पाठ होती.

*

घरी. हे बस चालवतात, सकाळच्या पाळीला. दुपारी चहा पिताना मी सगळं सांगितलं. कप तसाच हातात राहिला.

"मी येऊ का उद्या?"

"येऊन काय करणार?"

"उभा राहीन."

"मागे उभं राहणारा एक आहे. तोच नको झालाय."

ते हसले नाहीत. मग हसले. मग म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं आहे. नीट लिही."

*

यंत्र: बूथ चार.
दोष: प्रशिक्षकाचा हात.
जागा: विद्यार्थिनीच्या कमरेवर, डावीकडे, पट्ट्याच्या दोन बोटं खाली.
केव्हापासून: तीन आठवडे. मंगळवार, शुक्रवार. शेवटची नोंद नऊ सेकंद.
धोका कोणाला: मास्क घातलेल्या बाईला, कारण तेव्हा तिला दिसत नाही आणि थांबता येत नाही.

खाली माझं पूर्ण नाव. अर्धा भाग फाडून पेटीत टाकला. बटणाला कुलूप लावलं, किल्ली खिशात. सकाळचे सव्वानऊ.

*

पहिला आला लांब्या.

"मावशी, हे काय? माझी पाळी आहे! परीक्षा आमचीपण आहे हो!"

"वाच."

त्याने वाचलं. वर बघितलं, खाली बघितलं. इतका उंच माणूस, पण लपायला जागा नव्हती.

"मला पडद्यावरून दिसायचं," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, शिकवतायत."

"नऊ सेकंद?"

"मला वाटलं… नाही मावशी. मला तसं वाटायचं नाही. मी फक्त बोललो नाही."

धाकटी येऊन वाचत उभी राहिली. मग हत्यारखान्यात गेली आणि तिथल्या काकांकडे एक टॅग मागितला. बूथ दोन. तिचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, पण मजकूर वाचता येत होता. तो इथे सांगत नाही, तो तिचा आहे. मग परत जाऊन तिने आणखी एक मागितला.

"सांभाळून गं," काका म्हणाले, "वर्षाला पन्नासच मिळतात."

तिसरा टॅग तिने झाडूला बांधला. दोष: फक्त बायकांच्या हाती येतो. धोका कोणाला: परीक्षेला बसणाऱ्या बायकांना, सराव बुडतो.

काकांनी तो वाचला आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. पाणी द्यावं लागलं.

*

सर आले. वाचताना त्यांचे कान आधी लाल झाले, मग तोंड.

"काढा हा. चेष्टा लावलीय?"

"लावलाय मी, सर. चेष्टा नाही."

"मी सांगतोय, काढा!"

"प्रिन्सिपलांच्या बापालापण काढता येत नाही सर," लांब्या मागून म्हणाला. त्याचा आवाज थोडा चिरकला, पण म्हणाला.

सरांनी टॅगकडे हात नेला. सवयीने थांबवला. वीस वर्षं त्यांनी हेच शिकवलं होतं. हात त्यांचा असला तरी सवय पक्की होती. कधी कधी वाटतं, त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम ते थांबणं असावं. आणि लगेच वाटतं, मग तोच हात बाकी वेळी का थांबला नाही.

*

सुरक्षा विभागाच्या प्रमुख निवृत्तीला आलेल्या बाई. कॅन्टीनमध्येही हेल्मेट घालून बसतात म्हणून हेल्मेटबाई. अकरा वाजता तीन अर्धे टॅग हातात घेऊन आल्या. तिन्ही पूर्ण वाचले, दोनदा.

"हे माझ्या खात्यातलं नाही," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी टॅगवरच्या आकड्यावर बोट टेकवलं.

"पण याला नंबर आहे. चारशे सतरा, अठरा, एकोणीस. नंबर पडला की मला टॅग बंद करावा लागतो, आणि बंद करायला दोनच रकाने आहेत. चला सगळे."

प्राचार्यांच्या खोलीत आम्ही सगळे मावलो नाही. काका दारात उभे राहिले. तक्रारबाईंनाही बोलावणं गेलं. हेल्मेटबाईंनी हेल्मेट न काढता रजिस्टर टेबलावर उघडलं.

"'दोष दुरुस्त केला' किंवा 'दोष नव्हता'. सात दिवसांत एकावर खूण आणि खाली जबाबदार माणसाची सही. 'दोष नव्हता' वर सही कोण करतंय?"

प्राचार्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी खिडकीकडे. प्राचार्यांनी तक्रारबाईंकडे पाहिलं.

"या तीनदा आल्या होत्या माझ्याकडे," तक्रारबाई म्हणाल्या. त्यांनी फाइलमधून माझा फॉर्म काढला, सहीविना. त्यांनी तो फेकला नव्हता. "तारखा आहेत यावर. माझीही चूक आहे. तीही लिहून घ्या."

हेल्मेटबाईंनी पेन पुढे सरकवलं. कोणी घेतलं नाही.

"बरं," हेल्मेटबाई म्हणाल्या, "मग बंद होत नाही. चालू ठेवते. दोष असलेलं यंत्र वर्कशॉपमध्ये ठेवता येत नाही, नियम सहा. बाहेर न्यावं लागतं."

त्या सरांकडे बघत नव्हत्या. रजिस्टरकडे बघत होत्या.

*

सर त्याच दुपारी वर्कशॉपबाहेर गेले, चौकशी पूर्ण होईपर्यंत. चौकशी चार महिने चालली. मी दोनदा साक्ष दिली, धाकटीने एकदा, लांब्याने एकदा, पाय हलवत. पुढे आधीच्या दोन वर्गांतल्या तीन बायकांनी पत्रं पाठवली. सर आता तिथे शिकवत नाहीत. तक्रारीच्या फॉर्मवरची शेवटची ओळ काढून टाकलीय. दोरी मात्र अजून तेवढीच.

पण ते नंतरचं. तेव्हा प्रश्न परीक्षेआधी उरलेल्या दिवसांचा होता, आणि बूथ चारवर माझा टॅग.

दुसऱ्या दिवशी यार्डातून एक जण बदली शिकवायला आला, बोटीच्या तळाखाली आयुष्य काढलेला, मान किंचित वाकडी झालेला. "हा टॅग कोणाचा?" त्याने विचारलं. मी हात वर केला. "काढणार का? घाई नाही."

मी बूथकडे पाहिलं. स्टँड, पडदा, दिवा. बूथ बिचारा ठीक होता.

"पडदा काढाल?" मी विचारलं. "ठिणग्यांसाठी रंगीत प्लास्टिकचा पडदा असतो ना, आरपार दिसणारा. यार्डात पाहिलाय मी."

"असतो." त्याने दुपारपर्यंत आणला. मी टॅग काढला आणि कुलूप उघडलं.

तो खडूच्या कांडीने दाखवायचा. कोपर इथे, रॉड असा. लांबून. झाडूची पाळी फळ्यावर लिहिली गेली. पहिलं नाव लांब्याचं होतं आणि त्याला झाडता येत नव्हतं. धाकटीने शिकवलं. आम्ही दोघी रोज दोन तास डोक्यावर टाके मारत होतो. खांदे भरून यायचे, घरी गेल्यावर लेक तेल चोळायची आणि वासावरून बोलायची. बावीस वर्षांत एवढी गाढ झोप मला कधी लागली नव्हती.

परीक्षेला बाहेरचा परीक्षक. सही नव्या माणसाची. माझा तुकडा यंत्रात घालून वाकवला, पार इंग्रजी यू होईपर्यंत. परीक्षकाने भिंगातून बघितलं.

"तडा नाही," तो म्हणाला आणि पुढचा तुकडा घेतला.

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. हे बस घेऊन समोरच्या थांब्यावरून गेले. थांबता येत नव्हतं, म्हणून हॉर्न दिला. दोनदा. बसमधले लोक माझ्याकडे बघायला लागले. मी हात हलवला.

प्रवेशाच्या अर्जात 'हा अभ्यासक्रम का निवडला' या रकान्यात मी लिहिलं होतं: घराजवळ आहे. आज तो रकाना मला पुरला नसता.