साखरेवाचून परतलेली वाटी

माघातली सकाळ धरणाच्या पाण्यावर उतरते ती दबक्या पावलांनी. आधी धुक्याचं धूसर-धवल वस्त्र, मग त्यातून झिरपत येणारी केशरी कड, आणि मग एकाएकी सारं पाणी ताम्रवर्णी, कांचनस्पर्शी. विस्तीर्ण परातीत कुणी केशर कालवावं तसं.

पण पाणी ओसरत होतं. पावसाळ्यात वसाहतीच्या कुंपणाशी येऊन टेकलेलं ते गर्भभारलं पाणी आता मागे, आणखी मागे सरत चाललं होतं, आणि सरता सरता काठावर आपल्या सरल्या भरलेपणाच्या रेषा सोडत होतं. चिखलाची रेषा, वाळूची रेषा, शिंपल्यांची रेषा.

पाटबंधारे वसाहतीतल्या शेवटच्या घराच्या मागच्या पायरीवर बसून वैजयंती त्या रेषांकडे बघत राही. सहावा महिना. हातातल्या हिरव्या बांगड्या मनगटावरून थेट कोपरापर्यंत घरंगळत. पाणी ओसरतं तशी तीही ओसरत होती. आणि हे दिवस तर भरण्याचे.

तिच्या आतड्यात एक जुना अग्नी राहत होता. कॉलेजात असताना आला, पाहुण्यासारखा; आणि घरचाच होऊन बसला. डॉक्टर त्याला सूज म्हणत, व्रण म्हणत. ती नुसतं 'तो' म्हणे. महिनोन्‌महिने तो राखेखाली निजून असे. आणि कधी पालेभाजीच्या एका घासानं, मिरचीच्या एका कणानं धडधडून उठे. मग कळा. मग रक्त. मग दिवसभर वाजत राहणारी संडासाची कडी, आणि आरशातला तो पांढराफटक चेहरा.

गोळ्या चालू होत्या. मनानं बंद करायच्या नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण गोळी आग निववते, भूक नाही भरत. मागच्या खेपेला बाईंनी पोटावर टेप धरली, पुन्हा धरली.

"बाळाची वाढ मागे पडतेय, वैजयंती. थोडं थोडं खा, पण टिकेल असं खा. पुढच्या तपासणीलाही हेच दिसलं, तर शहरात नेऊन दाखल करावं लागेल."

वाढ मागे पडतेय. तीन शब्द, पण ते काठावरच्या चिखलरेषेसारखे तिच्या मनावर उमटून वाळले. आपल्याच कुडीत, आपल्याच रक्ताच्या अंधारात, एक इवलासा जीव ताट मांडून बसलाय. आणि वाढणारीचे हात रिते.

तिचा नवरा दिगंबर कालव्यावर चौकीदार. त्याला सारं ठाऊक होतं. पण कालव्याचं आवर्तन, म्हणजे शेतांच्या पाण्याची पाळी, सुटायचं होतं. उजाडताच त्याला निघावं लागे. निघताना उंबऱ्याशी घुटमळे.

"काय आणू येताना?"

"काही नको."

"काही नको म्हणजे?"

"म्हणजे काही नको, अहो."

आणि सायकल धुक्यात विरून जाई.

वसाहतीला मात्र आजार माहीत नव्हता, नुसता आनंद माहीत होता. असला आजार सांगायचा तरी कुणाला, कोणत्या तोंडानं? मधल्या बुटक्या भिंतीवरून वाट्या येत. झाकलेल्या, वाफाळत्या, मायेनं जड झालेल्या वाट्या. "काय खावंसं वाटतं गं?" असं बायका विचारत, आणि उत्तराची वाट न बघता वाट्या भरत. सगळ्यांत जास्त येत त्या शेजारच्या भारंबेकाकूंकडून. काकू जळगावकडच्या, हात सढळ, तिखट सढळ, जीभही सढळ. शेवभाजीचा लालभडक तवंग, भरली वांगी, डिंकाचे टणक, तूपमाखले लाडू.

वैजयंती ते घेई. हसे. एखादा घास जिभेवर ठेवे. आणि आत 'तो' कूस बदले.

तिच्या आईनं एक गोष्ट शिकवून पाठवली होती: दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये. म्हणून ती प्रत्येक वाटी घासूनपुसून, तळाशी चिमूटभर साखर घालून परत देई. काकू साखर बघत, आणि पोरीनं खाल्लं म्हणून खूश होत.

आणि वाटीतलं अन्न? ते भर दुपारी, वसाहत डुलक्या घेत असताना, पदराआड पाण्याकाठी जाई. "क्षमा कर गं अन्नपूर्णे," असं पुटपुटत ती ते सोडून देई. मासे येत. रुपेरी, चपळ, धटिंगण मासे. तिचे डोहाळे खाऊन ते तुकतुकीत होत चालले होते.

अशाच एका दुपारी, खडकाआड गोधडी धुवायला बसलेल्या काकूंनी तिला पाहिलं.

पाण्यावर लाडू तरंगले नाहीत. तळाशी गेले, एकामागून एक. काकू उठून उभ्या राहिल्या.

"अगं माय! डोहाळे तुला लागलेत का त्या माशांना?"

वैजयंतीनं वाटी पदराआड ओढली.

"खारीक कुटून कुटून हाताला फोड आले माझ्या! पोरीच्या अंगी का लागत नाही, म्हणून दर खेपेला अजून तूप ओतत गेले मी. आणि तू... आवडत नाही तर तोंड नव्हतं तुला?"

वारा पडला होता. पाणी काचेसारखं स्तब्ध. आणि त्या काचेवर, पहिला तडा जावा तशी, वैजयंती फुटली. अग्नीचं सांगितलं. रक्ताचं सांगितलं. टेपचं सांगितलं. शेवटी नुसते ओठ हलत राहिले.

काकूंनी गोधडीचं टोक हातात घेतलं, पिळलं, पुन्हा पिळलं. पाणी संपलं तरी पिळत राहिल्या. मग खाली बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या,

"मग सोसतं काय तुला?"

काय खावंसं वाटतं, हे सगळ्यांनी विचारलं होतं. काय सोसतं, हे या माघात प्रथमच कुणी विचारत होतं. एवढासा प्रश्न, पण भेगाळल्या भुईवर पाण्याचं बोट फिरावं तसा तो तिच्या आतून फिरत गेला.

"मऊ भात," ती म्हणाली. "मुगाचं गाळलेलं वरण. दुध्या, साल-बिया काढून उकडलेला. उकडलेलं अंडं... कधीकधी."

"बास?"

"बास."

"आणि तेही बचकभर नाही ना?"

"नाही. चार घास. मग परत चार घास."

दुसऱ्या दिवसापासून वाटी आली ती लहान. आमटीची नव्हे, कोशिंबिरीची. आत लोण्यासारखा घोटलेला भात, सोनसळी वरण, तुपाचा एकच थेंब. तिखटाशिवाय हात न चालणारी ती बाई चुलीपुढे मिठाच्या खड्यालाही घाबरत होती.

"आमच्या यांनी चाखलं," काकू भिंतीवरून म्हणाल्या, "आणि मला विचारतात, घरात कोण गेलं?"

वैजयंती कितीतरी दिवसांनी खरंखुरं हसली.

सगळं काही गोड झालं नाही. काही वाट्या निम्म्याच रिकाम्या झाल्या. काही नुसत्याच निवल्या. एका सकाळी 'तो' पुन्हा जागा झाला, आणि कडी वाजत राहिली. काकू भिंतीपलीकडे थांबल्या; वाटी पुढे केली नाही.

त्याच आठवड्यात आवर्तन सुटलं. दिगंबर तिला कालव्याच्या भरावावर घेऊन गेला. "पहिलं पाणी बेतानंच सोडतात," तो म्हणाला. "कोरड्या कालव्यात एकदम सोडलं, तर भराव फुटतो." तिनं पाहिलं: पाण्याची एक बारीक, मातकट जीभ तडकल्या तळावरून येत होती; थबकत, मुरत, पुन्हा पुढे सरत. माती पीत होती. घोट घोट. घास घास. पाणी पुढे जात होतं.

तिचा हात नकळत पोटावर गेला.

तपासणी उद्यावर आली, तेव्हा भय कुठं गेलं नव्हतं. ते पायरीवर तिच्या शेजारीच बसलं होतं. टेप काय सांगेल, कोण जाणे. संध्याकाळ पाण्यावर कुंकू विखुरत होती, आणि मांडीवर काकूंची वाटी होती. तिनं एक घास घेतला. थांबली. आत कान लावून ऐकलं. अग्नी निजलेला. दुसरा घास. तिसरा. मग बोटानं तळ पुसला, कड पुसली, बोट चाटलं.

उठून तिनं वाटी धुतली, आणि सवयीनं साखरेचा डबा उघडला.

"साखर घालशील तर बघ!" भिंतीवरून आवाज आला. काकू हनुवटी टेकून उभ्या होत्या. कधीपासून, कुणास ठाऊक. "रिकामी दे मला. रिकामीच बघायला थांबलेय."

वैजयंतीनं आईचं शिकवणं पहिल्यांदा मोडलं. ओली वाटी तशीच भिंतीवर ठेवली.

पाण्यापलीकडून आलेला शेवटचा किरण वाटीत उतरला. ओसरत्या पाण्याच्या काठी, मावळत्या दिवसाच्या काठी, बुटक्या भिंतीच्या काठी ती वाटी उभी होती. रिकामी, लख्ख रिकामी, आणि काठोकाठ.