एमिल हॉगनचे कार्ड

ग्रंथालयाच्या संगणकावर, एका कार्डाच्या नावात, डेलने 'प्रशिक्षण' हा शब्द खोडला आणि त्या जागी 'एमिल हॉगन' असे टाइप केले. मग खुर्चीत मागे रेलून त्याने पडद्याकडे मान तिरकी करून पाहिले, स्वतः काढलेल्या चित्राकडे पाहावे तसे.

"बायको वारलीय," तो म्हणाला. "सरोवराच्या काठाला एकटाच राहतो. बोलायला कुणी नाही. मालिका मात्र एकही सोडत नाही."

काउंटरवर त्याच्या शेजारी बसलेल्या जोलीनला हसू आले.

ते कार्ड तसे कोणाचेच नव्हते. नव्या माणसाला देवघेव शिकवायची तर चुका होणारच. त्या खऱ्या नोंदींत मिसळू नयेत म्हणून ग्रंथालयाने एक खोटे कार्ड ठेवले होते. त्याच्यावर काहीही द्यावे, काहीही परत घ्यावे. गेली दोन वर्षे नवे कोणी नोकरीला लागले नव्हते आणि कार्ड खणात पडून होते.

दाराजवळच्या 'आमच्या आवडीचे' या कपाटात प्रत्येक कर्मचाऱ्याचा एक कप्पा होता. आपल्या पसंतीच्या चित्रपटांच्या, मालिकांच्या डिस्क तिथे मांडायच्या, खाली स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहून चिठ्ठी लावायची आणि सही करायची. डेलच्या कप्प्यात गोळीबार आणि पाठलाग असायचे, ते भराभर जायचे. जोलीन पोरांचे आणि नाताळचे चित्रपट ठेवी. मालिका फक्त वर्ना सोडरबर्ग ठेवायची. आठ-आठ, बारा-बारा डिस्कचे जाड संच आणि खाली तिच्या टोकदार अक्षरात: 'मासे साफ करणाऱ्या बायकांची गोष्ट. तेरा भाग. घाई असेल तर घेऊ नये.'

घाई सगळ्यांनाच असे. महिन्याला दोन नाहीतर तीन संच जायचे. जेवणाच्या खोलीतल्या फळ्यावर डेल कुणाचे किती गेले ते खडूने मांडी आणि वर्नाच्या नावापुढे आकड्याऐवजी एक गोगलगाय काढी.

वर्ना त्रेसष्ट वर्षांची होती. तिचे काम तळघरात. परत आलेली प्रत्येक डिस्क दिव्याखाली धरायची, बोटांचे ठसे पुसायचे, ओरखडे असतील तर यंत्रावर घासून काढायचे. तिच्या उजव्या डोळ्यात मधोमध अंधार साचत चालला होता. तो पसरू नये म्हणून दर महिन्याला दुलुथच्या दवाखान्यात जाऊन डोळ्यात इंजेक्शन घ्यावे लागे. ते नोकरीच्या विम्यावर होते. पासष्टाव्या वर्षी सरकारी विमा मिळाला असता. त्याला अजून चौदा महिने होते.

सप्टेंबरच्या पहिल्या बैठकीत ग्रंथपाल रोवीना यांनी सांगून टाकले होते की चित्रपट राहतील, मालिकांचे संच मात्र काढून टाकावेत असे विश्वस्तांच्या मनात आहे. संच गेले तर तळघरात पुसायला फारसे उरणार नव्हते, म्हणजे ती जागाही जाणार. रोवीना वाईट बाई नव्हत्या. नोव्हेंबरच्या सभेपर्यंत वर्नाच्या कप्प्यातून तीस संच जरी गेले तरी मी भांडेन, असे त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या. वर्नाने तो आकडा हातातल्या, डिस्क पुसायच्या रुमालांच्या पुडक्यावर लिहून घेतला होता.

त्याच आठवड्यात एमिल हॉगनचा जन्म झाला.

पहिला संच डेलने स्वतः त्या कार्डावर दिला, आपल्या खणात ठेवला आणि चौथ्या दिवशी परतीच्या पेटीत टाकला. आत एक चिठ्ठी होती. डेलचे अक्षर वर्ना ओळखेल म्हणून ती जोलीनने डाव्या हाताने लिहिली होती. डेल सांगत गेला, ती लिहीत गेली: 'बाई, तुमची निवड काळजाला भिडली. अशी दृष्टी असलेली माणसं आता राहिली नाहीत.' 'दृष्टी' या शब्दावर दोघेही इतके हसले की जोलीनला पेन खाली ठेवावे लागले.

दुसऱ्या दिवशी वर्नाच्या कप्प्यात नवी चिठ्ठी लागली. 'ई. एच. यांच्यासाठी. डोंगरातल्या डॉक्टरणीची गोष्ट. सहाव्या भागाच्या आधी कॉफी करून ठेवा, मध्ये उठावंसं वाटणार नाही.' डेलने त्या चिठ्ठीचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला.

त्यानंतर एमिल आठवड्याला तीन संच नेऊ लागला. ऑक्टोबरात वर्ना तळघरातून दिवसातून दोनदा वर येई, कप्पा पाही आणि काउंटरशी रेंगाळे. तो दिसायला कसा आहे, असे तिने एकदा जोलीनला विचारले. उंच आहे, टोपी घालतो, असे जोलीनने सांगितले. ती गेल्यावर डेल म्हणाला, बरं झालं टोपी सांगितलीस, माणूस तर तिला दिसायचा नाही.

एका मंगळवारी वर्ना ओठांना रंग लावून आली. पुढच्या मंगळवारी तिने डबा भरून लिंबाच्या वड्या आणल्या, वर पिठीसाखर भुरभुरलेली. हॉगन आले तर द्या, म्हणाली. त्या जेवणाच्या खोलीत दहा मिनिटांत संपल्या. डेलने बोटे चाटत एमिलच्या वतीने आभाराची चिठ्ठी सांगितली आणि जोलीनने ती लिहिली. तिच्या डाव्या हाताला एव्हाना वळण बसले होते.

याच दिवसांत टोल्फसन म्हणून एक म्हातारे गृहस्थ काउंटरवर आले. त्यांची आई मासळीच्या कारखान्यात होती. ती तेरा भागांची मालिका त्यांना हवी होती. जोलीनने पडद्यावर पाहून 'बाहेर गेलीय' असे सांगितले. संच तिच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर, डेलच्या खणात होता. आल्यावर कळवू का, असे तिने विचारले, पण त्यांना नाव-नंबर द्यायचा नव्हता. इथूनच जातो रोज, विचारीन, म्हणाले. ते आणखी दोनदा आले. दोन्ही वेळा संच बाहेर होता. मग ते यायचे थांबले.

सभा नोव्हेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी दुपारी अडीचला होती. डेलने शेवट त्याच दिवशी ठरवला. विश्वस्त वरच्या खोलीत असणार, रोवीनाही तिथेच, खाली रान मोकळे. एमिलची शेवटची चिठ्ठी सोमवारी गेली: 'शुक्रवारी अडीच वाजता खिडकीजवळच्या टेबलाशी येतो. ओळख पटावी म्हणून तुम्ही काही हिरवं घाला.' जेवणाच्या खोलीला काचेचे दार होते. तिथून ते टेबल नीट दिसायचे. कोणी कुठे उभे राहायचे तेही डेलने ठरवून टाकले.

गुरुवारी सकाळी रोवीनांनी जोलीनला सभेसाठी कप्प्यांचा अहवाल छापायला सांगितला. सप्टेंबरपासून कोणाचे किती गेले, एवढेच. कागद यंत्रातून बाहेर आला तेव्हा गरम होता. डेल, एकशे बारा. जोलीन, त्र्याऐंशी. वर्ना, शून्य.

जोलीनने तो पुन्हा छापला. पुन्हा शून्यच.

ती कागद घेऊन डेलकडे गेली.

"प्रशिक्षणाचं कार्ड आहे ते," डेल म्हणाला. "ते मोजणीत कधी धरलंय?"

"तुला माहीत होतं?"

"तुलाही माहीत होतं, जोलीन. तुला शिकवलं कुणी? मीच."

खरे होते. सहा वर्षांपूर्वी याच काउंटरवर, याच कार्डावर, त्याने तिला शिकवले होते. ती पुष्कळ चुकली होती आणि तो म्हणाला होता, चुका बिनधास्त कर, हे कुठेच मोजलं जात नाही. तिला आता तो दिवसही आठवला. वर्नाचे जे दोन-तीन संच महिन्याला एरवी जायचे, तेही एमिलने अडवून ठेवले होते. टोल्फसन आठवले.

डेल पुढे म्हणाला की वर जाऊन सांगायचे तर खुशाल सांग, फक्त त्या चिठ्ठ्या कोणाच्या हातच्या आहेत तेही सांग. तो रागावला नव्हता. नेहमीसारखाच बोलत होता.

एक प्रत जोलीनने रोवीनांच्या टेबलावर ठेवली. दुसरी घडी करून स्वेटरच्या खिशात टाकली आणि ती तळघरात गेली.

वर्ना दिव्याखाली बसली होती. जोलीन पायरीवरूनच बोलू लागली, नाहीतर धीर सुटला असता. एमिल हॉगन नावाचा कोणी नाही, ती म्हणाली. उद्या कोणी येणार नाही. तुम्ही त्या टेबलाशी बसू नका.

वर्नाने हातातली डिस्क खाली ठेवली नाही.

"ये, बस," ती म्हणाली. "हे बघ." तिने डिस्क तिरकी करून दिव्यात धरली, मान वळवून डाव्या डोळ्याने पाहिली आणि मग जवळ आलेल्या जोलीनपुढे केली. "काय दिसतं?"

"काही नाही."

"काही नाही. आता ही बघ, डेलच्या कप्प्यातली." त्या डिस्कवर बोटांचे ठसे होते, कडेला काहीतरी गोड सुकलेले होते, मधे एक बारीक वर्तुळाकार ओरखडा. "माणसानं बघितलेली डिस्क अशी येते. एमिलची एकही डिस्क डबीतून निघालेली नाही. मी पुसून ठेवते, तशीच ती परत येते. पहिल्या दिवसापासनं."

लहान मुलाला वजाबाकी समजावून सांगावी तशी ती सावकाश बोलत होती.

"मग तुम्ही त्या वड्या कशाला केल्या?"

"तुम्हाला कंटाळा यायला लागला होता," वर्ना म्हणाली. "त्या आठवड्यात दोनच नेले तुम्ही. गंमत थांबली असती तर संचही थांबले असते. लिपस्टिक माझ्या बहिणीची आहे. आवडल्या का वड्या?"

जोलीनने होकारार्थी मान हलवली.

वर्नाने पुसण्याच्या रुमालांचे पुडके पुढे ओढले. त्यावर पेन्सिलीने पाच-पाचच्या जुड्या मांडलेल्या होत्या. रोवीनांचा तीस हा आकडा वर होता, त्याला गोल केलेला.

"माझ्या हिशेबानं एकतीस झाले," ती म्हणाली. "पण माझा डोळा हा असा. तू वर यंत्रावर बघतेस. बरोबर आहे ना?"

जोलीनचा हात खिशात गेला. कागद आता गार झाला होता. तिने त्याची घडी आणखी एकदा घातली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "एकतीस."

वर्नाने श्वास सोडला. पुडके जागेवर ठेवून तिने पुढची डिस्क उचलली.

"मग उद्या बसते मी," ती म्हणाली. "एवढं केलंय त्या डेलनं. तुझ्या डाव्या हातानंही. आणि जोलीन, मला कळलंय हे त्याला सांगू नकोस. उगीच विरस होईल त्याचा."

शुक्रवारी अडीचला पाच मिनिटे असताना ती तळघरातून वर आली. हिरवा स्वेटर, ओठांना रंग, केस एका बाजूला पिनेने बसवलेले. तिने खिडकीजवळची खुर्ची ओढली, दाराकडे तोंड करून बसली आणि तेरा भागांचा तो संच टेबलावर ठेवला. काचेच्या दारामागे चौघे उभे होते. डेलने फोन वर धरला होता.

तिने ते फार मन लावून केले. घड्याळ पाहिले. संच जरासा सरळ केला. बाहेर गाडीचे दार वाजले तेव्हा ती किंचित उठली आणि पुन्हा बसली. केसांवरून हात फिरवला. काचेमागे कोणाला तरी हसू आवरेना आणि दुसऱ्याने त्याच्या तोंडावर हात ठेवला. ते तिने ऐकले असावे, कारण तिने पर्समधून छोटा आरसा काढला आणि त्यांना नीट दिसेल असा धरून ओठांकडे पाहिले.

जोलीन काउंटरवर होती. तिला सगळे ठाऊक होते, तरी मधेच एकदा तिची नजर दाराकडे गेली.

वर, डोक्यावरच्या खोलीत, खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. मग दार लागले आणि रोवीना काहीतरी वाचून दाखवू लागल्या. शब्द खाली येत नव्हते. वर्नाने छताकडे एकदा पाहिले, जोलीनकडे पाहून मान अगदी थोडी डोलावली आणि पुन्हा दाराकडे तोंड करून बसली.