मी मोताळ्याची कॉइलचकती

माझं अंग पुठ्ठ्याचं आहे. लुगड्याच्या खोक्यातून कापलेल्या दोन गोल चकत्या, एकीवर दुसरी, आणि मधोमध रिव्हेट. रेडिओ बनवणाऱ्यानं वरची चकती फिरवून हवी ती लहर कॉइलच्या, म्हणजे स्टेशन पकडणाऱ्या तारेच्या गुंडाळीच्या, जाडीसमोर आणायची, की तारेचे किती वेढे घालायचे ते माझ्या खिडकीत दिसतं. एवढंच माझं काम. पण या कामावर मोताळ्यात एक कंपनी उभी राहिली, आणि तिची थोरली लेक मी आहे.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची गोष्ट. उद्धवराव बाजाराच्या रस्त्यावर रेडिओ दुरुस्त करायचे, नवेही बांधायचे. शॉर्टवेव्हची कॉइल मात्र त्यांना रडवायची. तार गुंडाळायची, लावून बघायची, स्टेशन सरकलं की उसवायची. त्यांची बायको शारदाबाई मुलींच्या शाळेत गणित शिकवत. एकदा त्यांच्यानं राहवलं नाही.

"अहो, दरवेळेस अंदाजानंच काऊन गुंडाळता? याले गणित असते."

"मले गणित आलं असतं तं मी मास्तर नसतो झालो?"

"मास्तरीण घरातच हाय ना!"

त्या सुट्टीत शारदाबाईंनी आकडेमोड केली, कंपासनं वर्तुळं काढली आणि मी जन्मले. उद्धवरावांनी कॉइलवर लावायचं लाखेचं पाणी कौतुकानं माझ्याही अंगावर फिरवलं. माझ्या सांगण्यावरून गुंडाळलेली पहिलीच कॉइल अचूक लागली. उद्धवराव खुर्चीतून उठून उभे राहिले आणि रेडिओकडे नाही, बायकोकडे बघत राहिले.

मग बुलढाण्याला माझ्यासारख्या चकत्या छापल्या. दुकानावर पाटी लागली, 'शारदा रेडिओ गणक कंपनी'. गिऱ्हाइकं अकोल्याहून, जळगावहून येऊ लागली.

आणि ऐन श्रावणात खामगावचे किसनराव आले. सणासाठी त्यांनी एकदम पुष्कळ रेडिओ बांधायला घेतले होते. आल्या आल्या त्यांनी आमची चकती टेबलावर आपटली.

"वहिनी, तुमच्या चकतीनं मले तोंड दाखवाले जागा ठेवली नाही. सिलोन लावाले जावं तं भलतंच बोलून राह्यलं! साऱ्या कॉइली वाया गेल्या."

उद्धवरावांचा चेहरा पडला. शारदाबाईंनी टेबलाचा खण उघडला. त्यांनी मला काढलं, किसनरावांच्या चकतीशेजारी ठेवलं आणि दोघींना एकच प्रश्न विचारला. उत्तरं वेगळी आली. माझं बरोबर होतं. त्या बिचारीचा पुठ्ठा पावसाळी हवेनं फुगला होता, रिव्हेट ढिली होऊन आकडे सरकले होते. लाखेमुळे मी तेवढी वाचले होते.

"म्हंजे गणित चुकलं नाही!" उद्धवरावांनी सुस्कारा सोडला. "किसनराव, तुम्ही चकती ओलीत ठेवली असंन."

"थांबा," शारदाबाई म्हणाल्या. "पाऊस काय फक्त त्यायच्याच घरी पडते? आपण विकली, तं ती पावसाळ्यातही खरंच बोलली पायजे."

दुसऱ्या दिवशी दोघं नवरा-बायको मला घेऊन खामगावला गेले. किसनरावांच्या ओसरीवर बसून त्यांनी सगळ्या कॉइली उसवल्या, नव्यानं गुंडाळल्या. मी सांगत होते, शारदाबाई वाचत होत्या, उद्धवराव तार ओढत होते. संध्याकाळी रेडिओ एकामागून एक गाऊ लागले, तशी किसनरावांच्या पत्नी गोजरबाईंनी हसत हसत सगळ्यांची पानं वाढली.

विकलेल्या चकत्या मात्र परत मागवल्या. साऱ्या बंबात गेल्या. माझ्या बहिणी होत्या त्या. वाईट वाटलं, पण खोटं सांगत गावोगाव फिरण्यापेक्षा ते बरं.

आता पुठ्ठा नको होता. मोताळ्याच्या बाजारात भांड्यांवर नावं घालणारे पुंजाजी बसत. शारदाबाईंनी त्यांच्यापुढे पितळेचा गोल पत्रा ठेवला.

"नाव कोनाचं घालू, बाई?"

"नाव नाही, आकडे घाला. पन रेघ केसभरही हलली नाही पायजे."

पुंजाजींनी मला समोर ठेवलं आणि ठोक्याठोक्यानं माझी पितळी लेक घडवली. पावसानं न फुगणारी. तिच्यामागून कितीतरी घडल्या.

एकदा पुण्याच्या रेडिओ कारखान्यातले एक इंजिनियर एस.टी.नं आले. दुकानाच्या मागच्या खोलीत डोकावून त्यांनी विचारलं, "कंपनी कुठे आहे हो?"

"बसा," शारदाबाई म्हणाल्या, "तुम्ही कंपनीतच उभे आहात."

साहेब खळखळून हसले आणि कारखान्यासाठी चकत्या घेऊन गेले. त्या दिवशी मी पुठ्ठ्याची असूनही मला वाटलं, आपण सोन्याच्या आहोत.

किसनराव आजही येतात, नवा माणूस सोबत आणतात. त्याला सांगतात, "यायच्या चकतीनं मायं काम बिघडवलं होतं, अन् यायनंच घरी येऊन दुरुस्त केलं. दुसरीकडं जाऊ नको, बे."

मी आता म्हातारी झाले. लाख उडाली, कडा झिजल्या, काही आकडे बोटांनी पुसले गेले. तुम्ही मला जरूर हातात घ्या, फिरवून बघा. फक्त एक विनंती आहे. मला वेढे विचारू नका. माझं उत्तर आता चुकेल, आणि आमच्या घराण्यात ते चालत नाही. माझ्या पितळी लेकींना विचारा.