इस्त्रीचं गाणं कापलं, तिथंच नाटक पडलं

मी पियानो बोलतोय. नऊ प्रयोगांत गाशा गुंडाळलेल्या ‘कोपऱ्यावरची लाँड्री’ या संगीत नाटकाचा पियानो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. न्यूयॉर्कच्या नाटकवाल्यांचं अख्खं ब्रॉडवे हसून झालंय.

जन्म माझा इथल्याच क्वीन्स भागातल्या कारखान्यातला. तरुणपण एका हॉटेलात गेलं. तिथं माझ्यावर ठेवलेल्या ओल्या ग्लासांच्या गोल खुणा अजून माझ्या पाठीवर आहेत. मग संगीतकार मिल्टन ग्राबोने मला नाटकात आणलं.

नट म्हणाल तर एकेक हिरा. नायक-नायिकेच्या नुसत्या नावावर तिकिटं खपायची. आणि लाँड्रीवाल्या विधवेच्या कामात रोझेटा बिलप्स. मुलगा लढाईवर निघालाय, आई त्याचा शर्ट इस्त्री करतेय. शर्ट झाला की तो जाणार, म्हणून ती गात गात एकच बाही पुन्हा पुन्हा इस्त्री करते. वीस वर्षं कोरसमध्ये मागं उभं राहिल्यावर रोझेटाला मिळालेलं ते पहिलं गाणं.

उद्घाटनाआधी तीन आठवडे खरे प्रेक्षक बसवून प्रयोग करायचे आणि रोज काहीतरी बदलायचं, ही इथली रीत; हे प्रयोग मोजणीत धरत नाहीत. दिग्दर्शक वॉरन पेल मागं उभे राहून प्रत्येक गाण्याच्या टाळ्या घड्याळ लावून मोजायचे. इस्त्रीच्या गाण्याला चार सेकंद. मी पहिल्या रांगेपासून दोन हातांवर होतो. लोक रुमाल शोधत होते हो, टाळ्या वाजवायला हात मोकळे कुठं होते?

“मिल्टन, हे उडव,” पेल म्हणाले. “त्या जागी गच्चीवरचा नाच घाल. बारा पोरी, बादल्या, साबणाचा फेस!”

“अहो, पण मग मुलगा निघताना आई पाठ का फिरवते, हे कळणार कसं?”

“लोकांना कळायचं नसतं रे बाबा, मजा हवी असते.”

रोझेटा पुढं आली. “मला पाहिजे तर परत मागं उभी करा, साहेब. गाणं दुसरीला द्या. पण कापू नका.”

“बाई, एवढं मनाला लावून घेऊ नका.”

मिल्टनने गाण्याचे कागद उचलून माझ्या बाकाच्या खणात टाकले. त्याचा राग मला अजून आहे.

नाचाला चाळीस सेकंद टाळ्या पडल्या. पेल खूश. उद्घाटनाच्या दिवशी मुलगा निघाला, आईने पाठ फिरवली, आणि लोकांना वाटलं, बाई संवाद विसरली! खसखस पिकली. आठ प्रयोग त्याच जागी तेच हसू. पेपरवाल्यांनी लिहिलं, ‘एवढे गुणी नट, पण नाटकात जीव नाही.’ जीव होता! माझ्या बाकाच्या खणात कोंबून ठेवला होता.

नाटक बंद होत असल्याची नोटीस लागली. नायिका म्हणाली, नायकाचा आवाज बसलाय. नायक म्हणाला, तिकिटं महाग आहेत. पेल म्हणाले, लोकांनाच अक्कल नाही.

नवव्या, शेवटच्या प्रयोगाआधी रोझेटा माझ्यापाशी आली. “मिल्टन, ते कागद बाकात आहेत ना?”

“बाई, पेलसाहेब चिडतील.”

“चिडून काय करतील? उद्या सगळ्यांनाच घरी बसायचंय. वाजवतोस, की तशीच गाऊ?”

वाजवलं त्याने. बारा पोरी बादल्या घेऊन आल्या, रोझेटाला गाताना पाहिलं आणि बादल्या हळूच खाली ठेवून उभ्या राहिल्या. गाणं संपलं. मुलगा निघाला, आईने पाठ फिरवली. कुणीही हसलं नाही. आमचं नाटक नवव्या प्रयोगाला बरं झालं आणि त्याच प्रयोगाला संपलं.

आज मी इथल्याच हार्लेम वस्तीतल्या एका चर्चच्या तळघरात असतो. दोन पट्ट्या मुक्या झाल्यात. ‘तो पडलेल्या नाटकाचा पियानो’ अशी माझी ओळख करून देतात. खुशाल देऊ देत. मी मान खाली घालणार नाही, आणि रोझेटाही घालत नाही.

फक्त एक मागणं आहे. पुन्हा कधी चांगल्या नटांचं नाटक पडलं, तर त्यांना नावं ठेवण्याआधी एवढं विचारा: यातलं काय कापलं होतं?