कुलूपबंद वॉर्डातली आमेनबाई

इस्पितळाच्या धुलाईघरात तिला सगळे आमेनबाई म्हणत. कुणी नुसतं "आज ऊन चांगलं पडलंय" म्हटलं, तरी ती "आमेन" म्हणून मोकळी व्हायची. नव्या माणसाला ती आधी साबण कुठे ठेवलाय ते सांगे आणि लगेच प्रभू येशूबद्दल बोलायला लागे. मुकादम या सगळ्याला वैतागला होता. "देव घरी ठेवून येत जा, इथे चादरी आहेत," असं बजावून दमल्यावर त्याने तिला बॉयलरजवळच्या कामावर टाकलं. तिथे उभं राहणं म्हणजे जिवंतपणी भाजून निघणं. पण तिने कुरकुर केली नाही. उलट रविवारी चर्चमध्ये मंडळीसमोर उभी राहून म्हणाली, "प्रभूसाठी थोडं सोसायला मिळतंय. उद्या त्याने जीव मागितला, तरी देईन."

मग तापाची साथ आली. इस्पितळाच्या टोकाचा वॉर्ड साथीच्या रोग्यांसाठी वेगळा काढला आणि त्याला बाहेरून कुलूप लागलं. आतले दोन्ही सेवक एका सकाळी दार उघडताच पळून गेले. मुकादमही त्याच तापाने आत जाऊन पडला.

डॉक्टरांच्या परवानगीने वॉर्डाची सिस्टर धुलाईघराच्या दारात येऊन उभी राहिली. "मी एकटी पुरत नाही. रोग्यांना पाणी पाजायला कुणी येईल का?"

सगळे चादरींच्या घड्या घालण्यात एकदम गर्क झाले. मग एकेकाची नजर आमेनबाईकडे वळली. रविवारचे तिचे शब्द सगळ्यांच्या कानावर गेले होते. तिचा हात वर गेला. तो प्रभूवरच्या प्रेमाने गेला की लाजेने, हे तिला स्वतःलाही कधी नीट सांगता आलं नाही.

ती आत गेली आणि पाठीमागे कुलूप लागल्याचा आवाज झाला.

खिडक्यांना खिळे ठोकले होते. आत औषधांचा, घामाचा आणि घाणीचा मिळून एक जड वास कोंडलेला होता. पहिल्या दिवशी तिने पाणी पाजता पाजता गाणं म्हटलं. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याने डोळे न उघडताच सांगितलं, "बाई, गप्प बसा हो. डोकं फुटतंय."

ती गप्प बसली. पुढे एका नव्या नवरीने तिच्या मांडीवर प्राण सोडला. त्या मुलीसाठी तिने जीव तोडून प्रार्थना केली होती. त्यानंतर प्रार्थनेला शब्दच फुटेनात. छत खाली उतरतंय, भिंती जवळ येताहेत असं वाटू लागलं. एका दुपारी ती धावत दाराशी गेली आणि दोन्ही हातांनी दार बडवू लागली.

"मला बाहेर काढा. मला चक्कर येतेय."

"हुकूम नाही, बाई," बाहेरून पहारेकरी म्हणाला. त्याचा आवाजही रडवेला होता. "मी काय करू?"

शिवणकाम करणारा तिचा नवरा रोज अंगणात येऊन खिडकीखाली उभा राही. काचेतून बोलायचं म्हणजे ओरडावं लागे.

"चर्चच्या पाळकसाहेबांचा निरोप आहे," तो म्हणाला. "सगळी मंडळी तुझ्यासाठी प्रार्थना करतेय."

"त्यांना म्हणावं, एक जण तरी आत या."

"तुला कुणी सांगितलं होतं पुढेपुढे करायला?" नवरा हळूच म्हणाला. तिला ते ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं.

मग सिस्टरनेच अंथरूण धरलं. त्याच दिवशी मृतदेह न्यायला दार उघडलं तेव्हा पहारेकरी आमेनबाईच्या कानाशी लागला. "डॉक्टर म्हणालेत, तुला अजून ताप नाही तर आत्ताच नीघ. उद्यापासून आतल्या कुणालाच सोडणार नाहीत."

दार सताड उघडं होतं. अंगणातला वारा तिच्या तोंडावर आला. तिने चपला घातल्या. हेच तर ती दिवसरात्र मनात मागत होती. ती उंबऱ्यापर्यंत गेली. मागे कुणीतरी पाणी मागत होतं. बोलवत नव्हतं, नुसतं पाणी मागत होतं. तिने दाराची चौकट घट्ट धरली आणि मनात म्हणाली, 'प्रभू, मला जायचंय. मला खरंच जायचंय.' तिला रडू फुटलं. रडतरडतच ती पहारेकऱ्याला म्हणाली, "लाव कुलूप. पटकन लाव, नाहीतर मी पळेन."

पाणी मागणारा मुकादम होता. तिने त्याचं डोकं उचलून पेला तोंडाला लावला.

"तू गेली नाहीस?"

"नाही."

"का?"

"मला काय माहीत. पाणी प्या आधी."

तो दोन घोट प्यायला. "आता तुझ्या येशूचं सांगशील."

"आता नाही," ती म्हणाली. "कुशीवर व्हा. पाठ पुसायची आहे."

तो कुशीवर वळला. त्याच्या पाठीवर जखमा चिघळल्या होत्या. त्या तिने एकेक करून धुतल्या. सिस्टर, तो कुरकुरणारा म्हातारा, मुकादम, सगळ्यांचं तिने एकटीने केलं. भीती तिला सोडून गेली नाही. कुलपाकडे नजर गेली की अजूनही श्वास अडकायचा. शेवटी तिलाही ताप भरला. तेव्हा नुकती उठून बसू लागलेली सिस्टर भिंतीला धरून तिला पाणी द्यायला आली.

साथ ओसरली. म्हातारा वाचला नाही. मुकादम वाचला. तो काही मंडळीत आला नाही, पण त्याने तिला बॉयलरवरून हलवलं आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

तापाने तिचा एक कान कायमचा गेला. घरी आल्यावर बंद खोलीत तिला घाम फुटायचा. नवऱ्याने काही न विचारता दार बिजागरीसकट काढून भिंतीला टेकवून ठेवलं आणि स्वतः उंबऱ्याशी शिलाई मशीन मांडून बसला.

"लोक काय म्हणतील?" तिने विचारलं.

"म्हणू देत," तो म्हणाला. मग तिच्या चांगल्या कानाशी वाकून त्याने विचारलं, "पुन्हा बोलावलं तर जाशील?"

"जाईन," ती म्हणाली, "पण आधी रडेन."