टॉवेलाआडची कृपा

टाकीभोवती मुंगीला शिरायला जागा नव्हती. जळबाबांनी पिवळ्या टॉवेलात गुंडाळलेली मासळी मांडीवर घेतली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि तिला पाण्यात सोडलं.

"वांझ होती! उद्या सकाळी हिची कूस उजवेल!"

सकाळी टाकीत खरंच अंड्यांचा खच पडला. लगेच तेच पाणी बाटल्यांत भरून मूल नसलेल्या बायकांना वाटायला बाबा मोकळे!

मत्स्यबीज केंद्रात काम करणाऱ्या बाईंना ते पाणी चांगलंच ठाऊक होतं. त्यांची धाकटी बहीण दीड वर्ष ते प्यायली होती. "औषध आणि कृपा एकत्र नांदत नाहीत," असं बाबांनी बजावल्यावर तिने गर्भाशयातल्या गाठीचे उपचार सोडले. गाठ वाढली, शेवटी गर्भाशयच काढावं लागलं. तेव्हा बाई रडल्या नाहीत. "याला मी सोडणार नाही," एवढंच म्हणाल्या.

गर्दी पांगल्यावर त्यांनी ती मासळी हातात घेऊन पाहिली. परापाशी, खवल्याखाली, सुईची बारीक टोच होती. दर हंगामात त्या स्वतः शेकडो माशांना तिथंच टोचत.

पुढच्या वेळी त्या बहिणीला घेऊन पहिल्या रांगेत बसल्या. बाबांनी टॉवेल गुंडाळताच बाईंनी उठून त्याला हिसका दिला. मासळी पाण्यात, सिरिंज फरशीवर!

"दैवी तीर्थ आहे ते!" बाबा सावरले.

"मग थोडं तुम्हीही घ्या की." बाईंनी सिरिंज उचलून बाबांचं मनगट धरलं. सुई कातडीला टेकली मात्र, बाबा किंचाळले, "अगं ए, वेडी आहेस का! माशांचं औषध आहे ते!"

"मोठ्यानं. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

"औषध... माशांचं."

बाईंनी सुई खाली ठेवली. लोकांकडे वळून म्हणाल्या, "ही मासळी वांझ नव्हतीच. पोटात अंडी तयार होती. अंडी घालायची वेळ झाली की माशाच्या मेंदूतून एक छोटं प्रथिन निघतं. ते मेंदूखालच्या इवल्याशा ग्रंथीला निरोप देतं, ग्रंथी रक्तात संप्रेरकं सोडते आणि अंडी पिकून बाहेर पडतात. टाकीच्या साचलेल्या पाण्यात हा निरोप निघतच नाही. म्हणून आम्ही तसाच कृत्रिम निरोप टोचतो. संध्याकाळी टोचा, सकाळी अंडी. यात कसली आलीय कृपा?"

बहीण उभी राहिली. "आणि मला पाजलंत ते?"

बाबांची मान खाली गेली. "नुसतं... टाकीचं पाणी."

तिने त्यांच्या कानाखाली सणसणीत वाजवली. कुणीही तिला अडवलं नाही.

"मूल होत नसेल तर डॉक्टरकडे जा," बाई म्हणाल्या, "नवरा-बायको दोघंही जा. आणि चालू औषध बंद करा म्हणणारा कितीही मोठा महाराज असो, त्याच्या दारातून उठून चालू लागा."

पोलीस ठाण्यात पहिली तक्रार बहिणीने लिहून दिली. सही करून मागे पाहिलं, तर आणखी अकरा जणी रांगेत उभ्या होत्या.