पलंगाखालची तस्बीह

मी दादीची तस्बीह, तिची जपमाळ बोलतेय, पलंगाखालून. पहिलं बिनसलं ते इथेच. दादी मला हातात घेतल्याशिवाय दारापर्यंतही जात नाही, आणि आज ती चक्क जिना उतरून गेली.

मी साध्या लाकडी मण्यांची. लग्नानंतर दादीच्या नवऱ्याने मला आणलं. ते वारले तेव्हा ती म्हणाली, "इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन." आपण अल्लाहचे, त्याच्याकडेच परत जाणार. पुढे माझा दोरा तुटून एक मणी मोरीत गेला, तेव्हाही ती तेच म्हणाली.

"दादी, मण्यासाठी पण?" नात खिदळली होती.

"मग? मणी काय नि माणूस काय, आपलं होतं कधी?" असं म्हणत दादीने नवऱ्याच्या शर्टाचं बटण माझ्यात ओवलं.

आज नात कॉलेजातून आली, तर टेबलावरच्या चहावर साय धरलेली. वाकून तिने मला पलंगाखालून उचललं. आज अम्मीचं ऑपरेशन. दादी तर संध्याकाळी भेटायला जाणार होती.

तिने खिडकीतून खालच्या शिंपीकाकांना हाक मारली. "काका, दादी कुठेय?"

"तुझ्या अब्बांनी रिक्षात बसवलं गं. घाईत होते. दादी जिन्यात 'इन्ना लिल्लाहि' म्हणत होत्या. कोण गेलं, विचारायच्या आत रिक्षा निघाली."

नातीने लगेच फोन लावला. अब्बांचा फोन नुसता वाजतोय. पुन्हा लावला. "उचला ना, अब्बा!" एरवी कुणी वारल्याचं कळलं, की नातेवाइकांच्या ग्रुपवर 'इन्ना लिल्लाहि'चे शब्द ती चालता चालता टाईप करते. आज ओठांशी आले तर तिने तोंड दाबून धरलं. म्हटले आणि खरं झालं तर?

तिचं बोट बटणापाशी येऊन थांबलं. "इन्ना लिल्लाहि..." मग डोळे मिटून तिने अम्मीचाच नंबर लावला.

वाजला. वाजतच राहिला.

"हॅलो..." थकलेला, चिरका आवाज. "अगं, ऑपरेशन ऐनवेळी आधी घेतलं, म्हणून अब्बांनी दादीला घाईत आणलं. आत्ता कुठे शुद्धीवर येतेय, तर तुझी दादी डोकं खातेय. तस्बीह हरवली म्हणे. जिन्यातच कळलं, पण अब्बा काही मागे फिरू देईनात. घरात बघ बरं जरा."

म्हणजे ते शब्द माझ्यासाठी होते.

नातीने मला इतकं घट्ट धरलं, की बटण तिच्या तळव्यात रुतलं. "आहे, अम्मी," ती म्हणाली. "इथेच आहे."